बहात्तर सेंटिमीटर

आमच्या बागेत सकाळी चालायला येणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. काही जण गाडीवर येतात, आणि काही जण गाडीवर येऊन पायी आलो म्हणून सांगतात. मी दुसऱ्यांपैकी. घरापासून बाग साडेचारशे पावलं. हे अंतर मला मोबाइलनं सांगितलं, आणि त्याच मोबाइलनं हेही सांगितलं की स्कूटरवरून गेलं तर ते साडेसहाशे भरतं. गाडी खड्ड्यात आदळली की तो एक पाऊल धरतो. म्हणजे तब्येतीच्या हिशेबानं स्कूटरच बरी.

बागेचं नाव सांगत नाही. नांदेडातली आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर ज्यांच्याबद्दल लिहितोय ते सगळे उद्या ओपन जिमपाशी हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन उभे असतील, आणि मला त्याच वाटेनं जायचंय.

भांडणाला सुरुवात झाली ती एका हॉर्ननं. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी गुडघ्यांना चांगलं म्हणून रोज दोन फेऱ्या उलट्या चालतात. उलटं चालणाऱ्याला मागून येणारा समोरून दिसतो, ही त्यातली एक सोय. तर त्या दिवशी मागून, म्हणजे गुरुजींच्या समोरून, दुधाच्या दोन कॅन लटकवलेली स्प्लेंडर आली. दूधवाल्याला मागच्या गेटातून पुढच्या गेटाकडं जायचं होतं. बाहेरून वळसा पडतो, वाटेत तीन गतिरोधक आहेत, आणि घरी पोचेपर्यंत दुधाचं लोणी होतं, असं त्याचं म्हणणं. त्यानं हॉर्न वाजवला. गुरुजी त्याच्याकडं बघत, त्याच चालीनं, मागं मागं जात राहिले. पुन्हा हॉर्न. पन्नास-साठ पावलं ही मिरवणूक अशीच चालली. पुढं गुरुजी, त्यांचं तोंड मागं, आणि पहिल्या गिअरात घुरघुरणारी स्प्लेंडर. वरातीपुढं बँडमास्तर चालतो ना, तसं.

"तुमी बघूलालाव की ओ मला," दूधवाला म्हणाला. "मंग सरका की बाजूला."

"बघतोय म्हणूनच सरकणार नाही," गुरुजी म्हणाले. "न बघणारा दचकून सरकतो. मी कामून दचकू?"

फेरी संपल्यावर कट्ट्यावर बैठक बसली. विषय एकच: बागेत गाड्या येऊ द्यायच्या की नाही. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत ठराव होईल. चालायला येणाऱ्या माणसांना चालण्याच्या जागेत गाडी नको, यात बोलायचं काय? पण बैठकीला बसलेल्या बारा जणांपैकी आठ जणांच्या गाड्या त्या क्षणी कट्ट्यामागच्या लिंबाखाली उभ्या होत्या. माझी धरून.

एकेकाची कारणं ऐकण्यासारखी होती. एकाचे गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरनं चालायला सांगितलंय, आणि गुडघे दुखतात म्हणूनच त्यांना गेटपासून ट्रॅकपर्यंत चालवत नाही. दुसऱ्याची गाडी बाहेर लावली की तिच्यातलं पेट्रोल सकाळच्या सकाळी फिरायला जातं. तिसऱ्याचं कारण मात्र मलाही पटलं. मे महिन्यात आमच्याकडं सकाळी आठला गाडीचं सीट तव्यासारखं होतं, आणि बाहेर सावलीचं एक झाड नाही. सगळी सावली बागेच्या कंपाउंडात कोंडून ठेवलीय. मग गाडी तिथं जाणारच. गाडीलाही जीव असतो, दसऱ्याला आपण तिला हार घालतोच की.

गुरुजी मात्र तयारीनं आले होते. त्यांनी खिशातून कागद काढून वाचला. वाहतुकीच्या नियमांतला एक नियम: जिथं फुटपाथ किंवा सायकलसाठी राखलेली पट्टी असेल तिथं, गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्याची परवानगी असल्याशिवाय, मोटारगाडी चालवता येत नाही. सगळे गप्प झाले. मग कोपऱ्यातून एक आवाज आला, "म्हणजे परवानगी भेटतीया?" आणि पुढची दहा मिनिटं कुणाचा कोण पोलिसात आहे याची मोजदाद झाली.

सायकलची पट्टी म्हटलं की नांदेडच्या माणसानं जरा ताठ बसायला हरकत नाही. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथं ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. त्याला तीनशे वर्षं झाली तेव्हा, २००८ मध्ये, गुरुतागद्दीचा सोहळा झाला. त्याच्या आधी केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून शहरात पैसा आला आणि मोठे रस्ते नव्यानं करायला घेतले. आराखडा केला दिल्लीच्या प्रदीप सचदेव यांनी. दिल्ली हाट बांधणारे तेच. रुंद फुटपाथ, सायकलीला वेगळी वाट, झाडांना जागा, फेरीवाल्यांना जागा, सगळं कागदावर आणि बरंचसं जमिनीवरही. लहान शहरातसुद्धा रस्ता पायी माणसासाठी करता येतो, याचं उदाहरण म्हणून शहररचनेची मंडळी आमच्या रस्त्यांचं नाव घेतात. आम्हाला हे बाहेरच्यांकडून कळतं. आम्ही रोज त्याच रस्त्यावर असतो, त्यामुळं दिसत नाही.

त्यातल्या एका सायकलवाटेवर मी परवा मुद्दाम पायी गेलो. पानटपरीपासून औषधाच्या दुकानापर्यंत, शंभरेक पावलांत, तिथं काय काय होतं ते सांगतो. अकरा दुचाकी, घुंगरं वाजवणारी एक रसवंती, गादी पिंजणारा आणि त्याची पिंजून झालेली गादी, शहाळ्यांचा ढीग, आणि खुर्चीत बसून दाढी करून घेणारे एक गृहस्थ. सायकल एकच होती, फुगेवाल्याची. ती मात्र रस्त्यावर उभी होती. त्याला म्हटलं, "अरे, ही सायकलचीच जागा आहे, आत लाव की." तो म्हणाला, "आत जागा कुठं हाय, साहेब?"

आता दाजींना आणायला हवं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार लातूर. नांदेड आणि लातूरचं नातं तुम्हाला ठाऊक असेलच. आयुक्तालय तुमच्याकडं की आमच्याकडं, रेल्वे तुमच्यापर्यंत की आमच्यापर्यंत, अशा चर्चेशिवाय आमच्याकडं साखरपुडासुद्धा होत नाही. शंकरराव आणि अशोकराव चव्हाण आमचे, शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव देशमुख त्यांचे. दोन जिल्ह्यांनी मिळून राज्याला चार मुख्यमंत्री दिले, आणि दोन्हीकडची माणसं आजही रस्ता ओलांडताना हात वर करून धावतात.

दाजी लातूरला नाना-नानी पार्कात चालतात. त्यांच्या सांगण्यानुसार तिथं सगळे एकाच दिशेनं चालतात, कुणी उलटं येत नाही, आणि याला ते लातूर पॅटर्न म्हणतात. "तुमच्या नांदेडला जो तो आपल्या मनानं," असं ते दर भेटीत एकदा म्हणतातच. मी म्हणतो, "दाजी, लातूरकरांना गोल फिरायची सवय १९१७ पासूनची आहे." कारण तुमची ती गंजगोलाई. निजामाच्या काळात फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली. मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजार, आणि सोळा रस्ते येऊन मिळतात. माणूस, बैलगाडी आणि टांगा यांच्यासाठी काढलेलं ते वर्तुळ इतकं नेमकं आहे की त्यात ऑटो, हातगाडी, शिकवणीला उशीर झालेली स्कूटी आणि कांद्याचं पोतं घेतलेला हमाल एकाच वेळी शिरतात आणि तरी सगळे बाहेर पडतात. फक्त ज्या रस्त्यानं बाहेर पडायचं होतं त्यानंच पडतील असं नाही. मी एकदा औसा रोडला जायला निघालो आणि भांड्यांच्या दुकानात पोचलो. कढई घेऊन आलो.

तर दाजींचं बागेतल्या गाडीबद्दलचं मत वेगळंच आहे, आणि त्यामागं एक झाड आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. त्या उन्हाळ्यात दाजी रोज सकाळी ताईनं भांडी धुतलेलं पाणी कॅनमध्ये भरायचे, कॅन स्कूटरवर पायांमध्ये धरायचे आणि घराजवळच्या मैदानातल्या एका लिंबाला नेऊन ओतायचे. लिंब जगला. आज त्याची सावली एवढी पडते की खाली चार मोटारी मावतात, आणि मावतात म्हणून असतातही. दाजींचं म्हणणं, त्यातली एक जागा माझी. "स्कूटर आत गेली नसती तर झाड राहिलं असतं का, सांगा बरं?" याला उत्तर काय देणार?

आणि आमच्याही बागेचं मूळ दुखणं पाणीच आहे. मोठं गेट ठेवलंय ते टँकरसाठी. मराठवाड्यात झाड कुणीही लावतो, जगवायचं तर फेब्रुवारीपासून टँकर लागतो. टँकरसाठी पहाटे गेट उघडतं. टँकर दिवसभरात कधीही येतो, म्हणून ते उघडंच राहतं. मग टँकरच्या मागं घंटागाडी, घंटागाडीच्या मागं दूधवाला, दूधवाल्याच्या मागं आम्ही.

मोठं गेट बंद ठेवायचं आणि शेजारी माणसांसाठी वेगळी वाट करायची, असा तोडगा शेवटी निघाला. लोखंडी पाइपांची नागमोडी वाट झाली. एक पाइप इकडून, दुसरा तिकडून. माणूस कंबर वळवत जातो, गाय अडकते, गाडी तर यायचीच नाही. उद्घाटनाला नारळ फोडला. नारळाचं पाणी अजून सुकलं नव्हतं तेव्हा टँकरवाल्याचा पोरगा स्प्लेंडर घेऊन आला.

हे मी दोन हातांवरून पाहिलंय. पोरानं गाडी बंद केली, उतरला, पाइपांकडं शिंपी कापडाकडं बघतो तसं बघितलं. पुढचं चाक घातलं. हँडल पूर्ण डावीकडं मोडलं, गाडी कुशीवर कलती केली, तसा आरसा पाइपाला घासला. त्यानं आरसा वळवून आत घेतला. आता मागचं चाक अडलं. इथं त्यानं नाद सोडून द्यायला हवा होता. पण कट्ट्यावरची मंडळी उठून गेटापाशी आली होती. हीच मंडळी, गाडीबंदीच्या अर्जावर सही करणारी. "मागून उचल," एक जण म्हणाले. "आधी उजवीकडं घे रे, उजवीकडं!" दुसरे. "सायलेन्सर सांभाळ, पाय भाजंल." गुडघेदुखीवाल्यांनी चक्क मागच्या कॅरिअरला हात घातला. सहा मिनिटं लागली. गाडी आत आली तेव्हा टाळ्या वाजल्या. गुरुजींनी वाजवल्या नाहीत, पण पाइपाला धरून उभे राहिले होते आणि शेवटच्या वळणाला "थोडं अजून" असं त्यांच्याही तोंडून निघालं, हे मी ऐकलंय.

त्या पोराला बागेत काही काम नव्हतं. आत जाता येतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. बाहेर जायला मात्र मोठं गेट उघडावं लागलं.

त्या पाइपांनी खरोखर कुणाला अडवलं असेल तर एका आजींना. त्यांचा नातू रोज त्यांना व्हीलचेअरवर आणायचा. चार दिवस त्या बाहेरच्या बाजूला, गेटाच्या गजांतून आत बघत बसल्या. पाचव्या दिवशी गुरुजींनी पाहिलं आणि स्वतः जाऊन एक पाइप कापून घेतला. आता फट किती ठेवायची? आमच्यात एक शिंपीमामा आहेत, त्यांच्या गळ्यात टेप असतेच. व्हीलचेअर धड जायची तर नव्वद सेंटिमीटर हवेत. मग त्यांनी लिंबाखालच्या स्प्लेंडरचं माप घेतलं, हँडलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गिऱ्हाइकाची छाती मोजतात तसं.

"बहात्तर," मामा म्हणाले. "अंगाबरोबर बसंल."

मग तासभर आकड्यांशी कुस्ती झाली. सत्तर ठेवले तर आजी बाहेर. नव्वद ठेवले तर आख्खं नांदेड आत. मध्ये खांब रोवला तर आजीही बाहेर आणि टँकरवाल्याचा पोरगा तरीही आत, कारण तो कशातूनही येतो. एकानं विचारलं, जगात लोक काय करतात? त्याचा भाचा न्यूयॉर्कला आहे. तिथल्या सेंट्रल पार्कातल्या रस्त्यांवर २०१८ पासून मोटारी बंद आहेत. बंगळूरच्या कब्बन पार्कातून रस्ते जातात, ते रविवारी मोटारींना बंद असतात. आपल्याच माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि पुढं मंत्र्यालाही पाय आहेत. "मग तिकडं शांत असंल," शिंपीमामा म्हणाले. भाच्याचा मामा म्हणाला, "कशाचं! मोटारी गेल्या तर आता चालणारे आणि बॅटरीच्या सायकलवाले भांडूलालेत." हे ऐकून बैठकीला फार बरं वाटलं.

सायकलचा मुद्दा त्यावरून निघाला तो निघालाच. फलकावर लिहिलंय, वाहनांना प्रवेश बंद. आमच्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब गिअरची सायकल आणि हेल्मेट घेऊन ट्रॅकवर फेऱ्या मारतात, आणि वळणावर घंटी न वाजवता "साइड" म्हणतात. सायकल वाहन आहे का? गुरुजींनी सांगितलं, मोटार वाहन कायद्यात सायकल येत नाही. बॅटरीची असली आणि मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला तर तीही येत नाही. साहेब खूश झाले. पण मग संध्याकाळी बागेत भाड्यानं मिळणाऱ्या पोरांच्या बॅटरीच्या लाल मोटारींचं काय? मी अनुभवानं सांगतो, या बागेत आजवर मला एकच गाडी लागली, आणि तिचा चालक तीन वर्षांचा होता. घोट्यावर लागली. रिमोट बापाच्या हातात होता आणि बाप फोनवर होता. पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "पीं."

शेवटी फट नव्वदचीच राहिली आणि तिच्यात रखवालदार काकांनी आपली प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. आजी आल्या की काका उठायचे, खुर्ची बाजूला घ्यायचे, रामराम करायचे, आजी आत गेल्या की पुन्हा बसायचे. स्प्लेंडर आली की बसूनच राहायचे. बोलायचे काही नाहीत, फक्त तंबाखू मळत राहायचे. दूधवाल्यानं दोन दिवस हॉर्न वाजवून पाहिला. काकांनी तंबाखूवर थाप मारली. तिसऱ्या दिवशी तो बाहेरून गेला. पंधरा दिवस बागेत एक गाडी आली नाही. आम्ही सगळे बाहेर उन्हात गाड्या लावायला लागलो आणि गुरुद्वाऱ्याच्या जोडाघराची आठवण काढायला लागलो. तिथं आपण चप्पल बाहेर ठेवताना एवढं कुरकुरत नाही, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर दुसरा म्हणाला, चप्पल उन्हात तापली तरी तिच्यावर बसायचं नसतं.

मग धोंड्याचा महिना लागला. काकांना सासरवाडीचं बोलावणं आलं. पन्नाशीचा असला तरी जावई तो जावई, त्यांना धोंडे खायला चार दिवस जायचं होतं. खुर्ची आमच्या हवाली करून ते गेले. आम्ही पाळ्या लावल्या. पहिल्या दिवशी गुरुजी, दुसऱ्या दिवशी शिंपीमामा, तिसऱ्या दिवशी बँकवाले साहेब, हेल्मेट घालून. चौथ्या दिवशी मी.

खुर्चीत बसल्यावर कळतं की माणूस किती बदलतो. मी पाय थोडे फाकवून बसलो, तंबाखू खात नाही म्हणून नुसतेच तळहात चोळले. दोन पोरं आली, मी मान हलवली, ती वळून गेली. दूधवाला लांबूनच माझ्याकडं बघत स्प्लेंडरवर टेकून उभा होता. काका नाहीत हे त्यानं हेरलं होतं, पण मी काय चीज आहे याचा त्याला अंदाज येत नव्हता.

तेवढ्यात ओळखीच्या इंजिनाचा आवाज आला. माझीच स्कूटर, आणि तिच्यावर दाजी. आदल्या रात्रीच लातूरहून ताई आणि दाजी धोंड्यासाठी आले होते. घरात अनारसे तळायला घेतले होते, चांदीचं निरांजन आणून ठेवलं होतं, आई सकाळपासून त्यांच्याशी साक्षात नारायणाशी बोलावं तसं बोलत होती. दाजींच्या पायांमध्ये, कॅन ठेवायच्या जागी, चहाचा थर्मास होता.

"ताईनं चहा धाडलाय," ते म्हणाले. "कट्ट्यावर बसून घिऊ. सरका."

"दाजी, गाडी आत..." मी म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं की जावई समोर उभा आहे, धोंड्याचा महिना आहे, आणि मी खुर्चीत बसून बोलतोय. आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही. मी उठलो. नुसता उठलो, मान द्यायला. पण सवयीनं खुर्चीही बाजूला घेतली.

दाजी आत गेले. "असं असतंय बगा," जाता जाता म्हणाले, "लातूरला एवढं सांगावं लागत नसतंय." त्यांच्या मागोमाग दुधाच्या दोन्ही कॅन न हिंदकळता आत आल्या. मग ती दोन पोरं. मग गुडघेदुखीवाले, ओशाळं हसत. गुरुजी त्या वेळी दुसऱ्या फेरीत होते, उलट्या, त्यामुळं त्यांना सगळं समोरून दिसत होतं.